माईकची शिट्टी थांबवायची कशी? पहिल्यांदाच मिक्सरवर बसणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात कार्यक्रमांना तोटा नाही. तालमीचा गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, सप्ताहातलं कीर्तन, शिवजयंतीचं व्याख्यान, सोसायटीचं हळदी-कुंकू. मोठ्या कार्यक्रमाला साउंडवाला ठरलेला असतो. लहान कार्यक्रमाला मात्र "तुला त्यातलं कळतंय न्हवं, मग तूच बस की मिक्सरवर" असं म्हणून मंडळातल्या एखाद्या पोराला, नाहीतर शाळेतल्या सरांना किंवा बाईंना तिथं बसवलं जातं. पाहुणे बोलायला उभे राहतात आणि कूंऽऽऽ करत शिट्टी सुरू होते. लोक कान झाकतात, पाहुण्यांचं वाक्य अर्धवट तुटतं आणि सगळ्यांच्या माना मिक्सरकडं वळतात.

हा लेख त्या मिक्सरवर बसणाऱ्यांसाठी आहे. मी पेठेतल्या मंडळाचा आणि शाळेच्या कार्यक्रमांचा साउंड बरीच वर्षं सांभाळतोय. हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं, वेगवेगळ्या माणसांकडून कळत गेलं. तुम्हाला ते एका ठिकाणी आणि क्रमानं मिळावं म्हणून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: शिट्टी वाजते तेव्हा माईक बहुतेक वेळा ठणठणीत असतो, चुकलेल्या असतात त्या जागा. माईक कुठं, बॉक्स (म्हणजे स्पीकर) कुठं आणि बोलणारा माईकपासून किती लांब, हे आधी बघा. बटणांना हात त्यानंतर.

शिट्टी वाजते का?

बोलणाऱ्याचा आवाज माईकमध्ये जातो, मिक्सर आणि अँप्लिफायरमधून मोठा होऊन बॉक्समधून बाहेर येतो. त्यातला थोडा आवाज हवेतून परत माईकपाशी पोचतो आणि पुन्हा मोठा होतो. परत आलेला आवाज आधीपेक्षा कमी असेल तर तो विरून जातो, कुणाला कळतही नाही. पण दर फेरीला तो आधीपेक्षा मोठा होऊन परत यायला लागला, की क्षणात वाढत जातो. बॉक्स, माईक आणि ती खोली मिळून ज्या सुराला सगळ्यांत जास्त साथ देतात, तो सूर आधी सुटतो. म्हणून शिट्टी एका सुरात वाजते, गोंगाटासारखी नाही. याला फीडबॅक किंवा हाउलिंग म्हणतात. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून लार्सन इफेक्ट असंही नाव आहे.

सूर किती उंच ते हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर मोजतात. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांत तीक्ष्ण असतो आणि बोचणारी शिट्टी बरेचदा याच पट्ट्यात येते. त्रास लोकांना होतोच, पण बॉक्समधल्या ट्विटरलाही (बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरला) होतो. मोठ्या आवाजात शिट्टी रेंगाळली तर ट्विटर जळू शकतो.

जवळ काय ठेवायचं

- मोजायची टेप आणि कापडी चिकटपट्टी. स्टेजवर माईकच्या आणि बॉक्सच्या जागा खुणा करून ठेवायला.
- माईकची एक जादा वायर आणि कॉर्डलेस माईकसाठी नवे सेल.
- आवाजाचा आलेख दाखवणारं मोबाईलमधलं एखादं फुकट ॲप. कुठला सूर सुटलाय ते हर्ट्झमध्ये कळतं.
- वही आणि पेन.
- परवानगीची प्रत. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. अर्ज आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात द्यायचा. त्यात तारीख, वेळ, जागा आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. हॉलची पावती आणि ओळखपत्राची प्रत सोबत असू द्या, परत फेरी पडत नाही.

परवानगीचं आलंच आहे तर तेही इथंच संपवतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत आतल्या आत वापरायला त्यात सूट आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. ते दिवस कुठले, हे त्या त्या वर्षी जिल्हाधिकारी जाहीर करतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. दसरा चौकाच्या आसपास कार्यक्रम घेणाऱ्यांनी शेजारी सीपीआर रुग्णालय आहे हे लक्षात ठेवायलाच हवं. तिथं आजारी माणसं पडून असतात.

१. आवाज ओळखा

सगळे नको असलेले आवाज म्हणजे शिट्टी नव्हे. नवी माणसं इथंच गोंधळतात आणि भलताच उपाय करत बसतात.

माईकचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली केल्याबरोबर आवाज गेला, आणि तो एका सुरात वाढत जाणारा होता, तर ती शिट्टी. कुणी बोलत नसतानाही एकसारखं घूंऽ चालू आहे आणि ते वाढतही नाही, कमीही होत नाही, तर ती विजेची घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ती जाड ऐकू येते. अशा वेळी अर्थिंग, वायर आणि मिक्सर-अँप्लिफायर वेगवेगळ्या प्लगवर तर नाहीत ना, ते तपासा. मात्र घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो. खर्र-खट्ट आवाज येत असेल तर वायर किंवा सॉकेट ढिला आहे.

२. जागा बघा, टाळी वाजवा

सामान लावायच्या आधी मोकळ्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळी लगेच विरली तर काम सोपं आहे. ती घुमत राहिली तर तुमचा आवाजही तसाच भिंतीवरून भिंतीवर आदळत माईकपर्यंत येणार.

चकचकीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि वर पत्रा असलेली मंगल कार्यालयं सगळ्यांत अवघड. तिथं स्टेजच्या मागं फ्लेक्सऐवजी जाड कापडी पडदा मिळाला तर जरूर लावा. खाली सतरंजी अंथरली तरी फरक पडतो. बिंदू चौकासारख्या उघड्या जागेत वर छत नसल्यानं आवाज निघून जातो आणि शिट्टीचा त्रास कमी असतो, पण तिथं वारा लागतो. माईकला फोमची टोपी घाला.

एक दिलासा असा की माणसं स्वतःच आवाज शोषून घेतात. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी काठावर असलेली शिट्टी संध्याकाळी हॉल भरल्यावर बरीच मागं हटते. उलट, माणसं आली नाहीत आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर दुपारचीच अवस्था गृहीत धरा.

३. बॉक्स माईकच्या पुढं

सगळ्या लेखातली ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. बॉक्सचं तोंड लोकांकडं हवं आणि बॉक्स माईकच्या रांगेच्या पुढं, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला हवेत. बोलणाऱ्याच्या मागं बॉक्स ठेवला, की तो सरळ माईकच्या तोंडात ओरडतो.

इथं मंडपवाल्याशी थोडी ओढाताण होते. त्याला बॉक्स बॅनरच्या दोन्ही कडांना, मागं, भिंतीला टेकून हवे असतात, कारण फोटोत स्टेज मोकळं दिसतं. नम्रपणे पण ठाम सांगा. स्टेजची पुढची कड जिथं संपते, तिथून आणखी दीड-दोन मीटर पुढं आणि दोन्ही बाजूंना लांब, अशी जागा मागून घ्या. बॉक्स स्टँडवर चढवून बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल इतका उंच करा, म्हणजे पहिल्या रांगेचे कान फुटत नाहीत आणि शेवटच्या रांगेला ऐकू येतं.

अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत बॉक्सचा थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये एवढा फायदा मिळत नाही, कारण भिंतींवरून आलेला आवाज अंतराला जुमानत नाही. म्हणून तिथं बॉक्स किती लांब आहे याइतकंच तो कुठं तोंड करून आहे हेही बघायचं. भिंतीकडं नको, माणसांकडं.

हॉल लांबलचक असेल तर पुढचेच बॉक्स मोठे करून मागं ऐकवायचा अट्टहास नको. मध्यावर आणखी एक जोडी लहान आवाजात लावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळं ३४ मीटर मागच्या माणसाला पुढचा बॉक्स एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि दोन आवाज डबल वाटतात. डिजिटल मिक्सरमध्ये मधल्या जोडीला तेवढा उशीर देता येतो.

४. माईकची पाठ कुठं आहे?

स्टेजवरचे बहुतेक हातातले माईक समोरून जास्त ऐकतात आणि पाठीमागून सगळ्यांत कमी. १९६६ पासून मिळणारा शुअर कंपनीचा एसएम५८ माईक याच जातीचा. याला कार्डिऑइड म्हणतात. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवायला खाली मॉनिटर (त्याच्याकडं तोंड केलेला बॉक्स) ठेवायचा असेल, तर तो अशा माईकच्या बरोबर पाठीमागं ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माईक मात्र बरोबर मागून थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा मागच्या दोन्ही बाजूंना तिरकी असते. तुमचा माईक कुठला, ते त्याच्या खोक्यावर किंवा दांड्यावर लिहिलेलं असतं. वाचून मगच मॉनिटर ठेवा.

कॉलर माईकबद्दल जपून. तो बहुधा चारी बाजूंनी ऐकतो आणि तोंडापासून लांब असतो, म्हणजे शिट्टीला दोन्हीकडून आमंत्रण. व्याख्यात्यांनी आग्रहच धरला तर हनुवटीखाली १५-२० सेंटिमीटरवर लावा. शक्यतो त्यांना स्टँडवरच्या माईकवर राजी करा.

५. बोलणाऱ्याला दोन वाक्यं सांगा

बटणांनी जे साधत नाही ते इथं साधतं. तोंड माईकपासून ३० सेंटिमीटरवर होतं ते १५ वर आलं, की माईकला आवाज ६ डेसिबलनं जास्त मिळतो. तेवढा मिक्सर खाली घेता येतो आणि शिट्टी तेवढीच लांब पळते. एका विताच्या आत बोला, एवढंच सांगायचं.

दुसरं वाक्य: जाळीला हात लावू नका, दांडा धरा. जाळी मुठीत धरली की माईकची मागून न ऐकण्याची सोय बंद होते आणि तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टी वाजल्यावर पाहुणे घाबरून माईकवर हात ठेवतात, त्यानं ती आणखी वाढते. पोरं गाणी म्हणताना जाळी धरतात, त्यांना आधीच शिकवा.

पाहुण्यांना असं सांगायला नवी माणसं लाजतात. लाजू नका. "साहेब, माईक थोडा जवळ घेतला तर मागच्या माणसांना नीट ऐकू येईल" असं कार्यक्रमाआधी कानात सांगितलं तर कुणालाही राग येत नाही.

आपल्याच गावात १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं तेव्हा सगळं गाव हळहळलं. ते उभं राहिलं त्या काळात संगीत नाटकं माईकशिवाय व्हायची आणि नटाचा गळाच मागच्या रांगेपर्यंत पोचायचा. सगळ्यांना तो गळा मिळत नाही, पण खुला, स्पष्ट आवाज ही मिक्सरवाल्याला मिळालेली सगळ्यांत मोठी मदत असते. वक्ता पुटपुटत असेल तर जगातलं कुठलंही यंत्र त्याला शिट्टीशिवाय मोठं करू शकत नाही.

६. मिक्सर

जो माईक वापरात नाही तो बंद. चार माईक लावलेत म्हणून चारही उघडे ठेवायचे नाहीत. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डेसिबलनं घटते. एकाचे चार केले तर ६ डेसिबल गेले. सूत्रसंचालिकेचा माईक, पाहुण्यांचा माईक, पोडियमचा माईक: ज्याची पाळी त्याचाच उघडा.

भाषणाला इको पूर्ण शून्य. आपल्याकडं इकोची फार हौस आहे, पण तो आवाज पुन्हा पुन्हा फिरवतो आणि शिट्टीची वाट सोपी करतो. शब्दही कळत नाहीत. गाण्याला लागला तर चमचाभर.

चॅनेलवर (मिक्सरवरच्या त्या माईकच्या बटणांच्या रांगेत) लो-कट बटण असेल तर भाषणासाठी दाबा. ते ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकतं आणि जाड हुंकार थांबतो. गेन (माईकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते बटण) बोलणाऱ्याच्या खऱ्या आवाजावर लावा. "हॅलो, चेक" हळू म्हणून गेन लावला आणि वक्ते नंतर गरजले, तर आवाज फाटतोय हे सांगणारा लाल दिवा पेटणारच.

७. शिट्टी मुद्दाम वाजवून बघा

लोक यायच्या आधी करायचं काम. हॉलमधल्या सगळ्यांना कल्पना द्या. माईक त्याच्या खऱ्या जागी ठेवा, एक हात फेडरवरून काढू नका, आणि आवाज अगदी हळूहळू वाढवत जा. कुठंतरी बारीक गुंजन सुरू होईल. तिथंच थांबा आणि तो सूर कुठला ते ओळखा.

ॲप हर्ट्झ दाखवतंच. पण मंडळात भजनी माणूस असेल तर त्याला पेटी घेऊन बसवा, त्याचा कान ॲपपेक्षा लवकर पकडतो. पेटीच्या मध्य सप्तकातली पांढरी सहा म्हणजे साधारण ४४० हर्ट्झ. वरच्या सप्तकातली ८८०, त्याच्यावरची १७६०, आणि पुढं ३५२०. दर सप्तकाला आकडा दुप्पट. शिट्टीचा सूर पेटीवर सापडला की हिशोब तोंडी करता येतो. ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर (एकेक सूर वेगळा कमी-जास्त करायचं यंत्र) एका सप्तकाला तीन पट्ट्या असतात: ४००, ५००, ६३०, मग ८००, १०००, १२५० अशा. सापडलेल्या आकड्याच्या जवळची पट्टी ३ डेसिबल खाली घ्या. शिट्टी गेली नाही तर ६ पर्यंत.

मग पुन्हा आवाज वाढवा, दुसरा सूर सुटेल. तो कापा. तीन-चार सूर झाले की थांबा. नवी माणसं इथं हटत नाहीत आणि सगळ्या पट्ट्या खाली खेचत जातात. मग माणसाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो आणि सगळंच खाली गेल्यानं फायदाही काही उरत नाही. तीन-चार सूर कापूनही भागत नसेल तर पायरी ३ वर परत जा. बॉक्सची जागा चुकली आहे.

शेवटी फेडर शिट्टीच्या काठापासून ६ डेसिबल खाली आणा आणि तिथं चिकटपट्टीनं खूण करा. कार्यक्रम चालू असताना त्या खुणेच्या वर जायचं नाही, कुणीही मागून "आवाज वाढवा" म्हणून ओरडलं तरी. तेव्हा वक्त्याला माईक जवळ घ्यायची खूण करा.

८. ऐन कार्यक्रमात वाजली तर

- आधी फेडर खाली. अर्ध्यापर्यंत खाली आणून लगेच हळू वर. पूर्ण बंद केलात तर वक्ता गोंधळतो.
- कुठला माईक आहे कळत नसेल तर मास्टर (सगळ्या माईकचा मिळून एक फेडर) खाली घ्या, मग एकेक चॅनेल बघा.
- माईककडं धावत जाऊ नका आणि वायर उपटू नका. बॉक्समधून बंदुकीसारखा आवाज निघतो.
- कॉर्डलेस माईक घेऊन कुणी श्रोत्यांत उतरलं की तुमचं लक्ष त्याच्यावरच हवं. तो बॉक्सच्या समोरून जाणार, त्या क्षणी फेडर खाली. प्रश्नोत्तरांना हमखास हेच होतं.

९. भजन आणि कीर्तन

इथं माईक जास्त, टाळ तीक्ष्ण आणि बुवांना स्वतःचा आवाज मोठा ऐकू यायला हवा असतो. टाळांना वेगळा माईक लागत नाही, ते सगळ्याच माईकमध्ये शिरतात. पखवाजाचा माईक कातड्यापासून चार बोटांवर, पेटीचा भात्यापासून दूर. बुवांचा मॉनिटर वाढवत जाण्याआधी इतर वादकांचे मॉनिटर कमी करून बघा. बहुतेकदा बुवांना तेवढं पुरतं.

१०. सभागृहाबाहेरची शिट्टी

ऑनलाइन बैठकीत एकाच खोलीत दोन मोबाईल स्पीकरवर असले की तीच शिट्टी वाजते. एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, किंवा इअरफोन लावा.

घरातल्या आजी-आजोबांचं कानाचं मशीन शिट्टी मारत असेल तर कारण हेच आहे: मशीनमधला आवाज कानातून निसटून त्याच्याच माईकमध्ये शिरतोय. मशीन कानात नीट बसलंय का ते बघा. मशीनचा कानात बसणारा साचा ढिला झाला असेल, किंवा कानात मळ साठला असेल, तरी असं होतं. पुष्कळ घरी शिट्टीला कंटाळून मशीनचा आवाजच कमी केला जातो, नाहीतर मशीन डबीत जातं, आणि ते माणूस घरातल्या बोलण्यातून हळूहळू बाजूला पडतं. तसं करू नका. मळ घरी काडी घालून काढू नका, कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. साचा बदलायला आणि मशीन पुन्हा लावून घ्यायला ऑडिओलॉजिस्टकडं जा, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, म्हणजे मशीन बसवायची पद्धत दोघांनाही कळेल.